जादूचं गुपित कुणाचं?

चि. बबडीस,


फोनवर तू एका दमात सगळं विचारलंस. त्याचं उत्तर पत्रातच नीट देता येईल, असं वाटलं म्हणून लिहायला बसले. गणपतीत एका गल्लीत तू हळदीचं कुंकू करून दाखवलंस आणि लगेच चुन्याचं गुपित फोडलंस, तर पोरं 'हात्तिच्या, एवढंच होय!' म्हणून उठून गेली. दुसऱ्या गल्लीत गुपित सांगितलं नाहीस, तर एक आजी पदर सावरत तुझ्या पाया पडायला आल्या. आता नवरात्रात रेणापूरच्या मंडळानं तुला स्टेजवर अर्धा तास दिलाय. 'सांगितलं तर जादू मरती, नाही सांगितलं तर मी आणि बुवा सारखेच. मावशे, मी करू तरी काय?'

तुला हसवणारी जादूगारही व्हायचंय आणि बुवाबाजीशी भांडणारीही. म्हणून हा प्रश्न तुला दोन्हीकडून छळतो. ज्यांनी तो आयुष्यभर अंगावर घेतला, त्यातल्या एका माणसाची आधी ओळख करून देते.

बसव प्रेमानंद. १९३० साली केरळात कोळिकोडला जन्म, आईवडील थिऑसॉफीला मानणारे. चले जाव चळवळीत उतरायचं म्हणून पोरवयातच शाळा सोडली. पुढं कोइंबतूरजवळच्या पोदनूरला राहून देशभर हिंडले आणि बाबा-महाराजांचे चमत्कार लोकांसमोर करून दाखवले. ते जादूगार होते, म्हणजे हाताची फसवणूक कशी चालते हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. हवेतून विभूती काढायची तर राख भाताच्या पेजेत कालवून गोळ्या वळायच्या आणि खडखडीत वाळवायच्या. एक गोळी अंगठ्याच्या बेचक्यात दडवायची, हात गोल फिरवायचा आणि बोटांनी ती चुरायची. संपलं. पण प्रेमानंद तिथं थांबत नसत. गोळी ते समोरच्याच्या हातात देत आणि त्यालाच करायला लावत. महाराष्ट्रातल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनीही त्यांच्याकडून हे प्रयोग शिकून घेतले, आणि आपल्याकडच्या शाळाशाळांतून होणाऱ्या 'चमत्कार सादरीकरणा'त त्यांचा हात आजही ओळखू येतो.

त्यांची एक लढाई मला फार आवडते. सत्यसाईबाबा भक्तांना हवेतून सोन्याच्या साखळ्या काढून देत. तेव्हा देशात सुवर्ण नियंत्रण कायदा लागू होता. प्रेमानंद थेट उच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं असं, की हे गृहस्थ सोनं निर्माण करतात, तर त्यासाठी सरकारची परवानगी घेतली आहे का? अर्ज फेटाळला गेला. पण बघ, 'तुम्ही खोटे आहात' असं ते म्हणालेच नाहीत. 'तुम्ही खरे आहात असं धरू, मग कायद्याचं काय?' एवढंच विचारलं. विनोदाची ताकद इथं आहे. समोरच्याचा दावा जसाच्या तसा मान्य करायचा आणि त्याच्या बोटाला धरून त्याला शेवटपर्यंत चालवायचं.

आपल्याकडं हे काम गाडगेबाबांनी कीर्तनात केलं. ते प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, त्या उत्तरावर ते पुढचा प्रश्न टाकत आणि मंडपभर हशा उसळे. ते हसू लोकांच्या स्वतःच्याच उत्तरातून यायचं, म्हणून अपमान वाटत नसे. तुझ्या कार्यक्रमासाठी पुस्तकं कोणती वाचू असं विचारलं होतंस ना? आधी गाडगेबाबांची कीर्तनं कशी होत ते शोधून वाच.

आता तुझ्या दोन गल्ल्यांकडं येते.

पोरं उठून गेली ती तू गुपित सांगितलंस म्हणून नाही, तू ते धड्यासारखं सांगितलंस म्हणून. जुने जादूगार आधी खोटं गुपित फोडतात. रुमाल मुठीतून गायब झाला की 'हा बघा, बाहीत आहे' म्हणतात, प्रेक्षक टाळी देतात, आणि बाही झटकली की बाहीतही काही नसतं. तसं कर. हळद लाल झाली की म्हण, 'मी तिखट मिसळलं होतं.' पोरांना वास घ्यायला दे. ती ओरडतील, तिखट नाही म्हणून. मग खरंच तिखट मिसळून दाखव, रंग तसा येत नाही हे त्यांनाच कळू दे. चुन्याच्या डबीपर्यंत त्यांना त्यांच्या पायांनी येऊ दे. गुपित सांगण्यात आणि हातात देण्यात फार अंतर आहे.

आणि त्या आजी? त्यांना उठवून शेजारी बसव. चिमूटभर चुना त्यांच्याच तळहातावर दे आणि म्हण, 'आजी, आता तुम्ही करा.' पानाला चुना लावत त्यांचा जन्म गेला असेल, हळद-चुन्याचा लेप मुरगळलेल्या पायाला त्यांनी शंभरदा लावला असेल. तो लाल होतो हे त्यांनी तुझ्याआधी पाहिलंय. फक्त स्टेजवर तेच दिसलं तेव्हा ओळख पटली नाही. आजींना हसू फुटलं तर तुझा कार्यक्रम जिंकला. पण आजींना कुणी हसलं, तर त्या क्षणी थांब. मला या बाबतीत तडजोड चालणार नाही.

मग कलेची गुपितं? ती राख, बिनधास्त राख. पुण्याच्या जादूगार रघुवीरांनी जादूवर उभं आयुष्य काढलं, आणि त्यांच्या मुला-नातवानं ती पुढं चालवली. तिकीट काढून आलेल्या माणसाला ठाऊक असतं, की आज मला फसवणार आहेत आणि मी त्यासाठीच आलोय. हा सरळ सौदा आहे. आठवडी बाजारात डमरू वाजवणारा मदारीसुद्धा 'हे पोटासाठी आहे, हाताची सफाई आहे' असं ओरडून सांगायचा. फक्त शेवटी तोच पिशवीतून ताईत काढून विकायला लागला, की सौदा बदलायचा. पोराला टोपलीत गायब केलं तोवर तो कलावंत, ताईत बांधला की आजार जाईल म्हणाला की ठग. माणूस तोच, गर्दी तीच, मधे फक्त एक दावा आला.

कायद्यानंही रेघ तिथंच ओढली आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, लोकांना फसवणं आणि दहशत बसवणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. तुझ्या रुमालाला, पत्त्यांना, टोपीतल्या सशाला कायदा हात लावत नाही. मंडळातल्या कुणी विचारलं तर हे सांग.

अमेरिकेतले जेम्स रँडी हे प्रेमानंदांच्याच वाटेवरचे. मूळचे टोरांटोचे, जन्म १९२८ चा, पेशानं जादूगार. त्यांनी १९७९ च्या सुमारास दोन पोरं, तुझ्याच वयाची, सतरा-अठराची, अतींद्रिय शक्तींवर संशोधन करणाऱ्या सेंट लुइसच्या एका प्रयोगशाळेत पाठवली. पोरं जादू शिकलेली. चमचे वाकवून, बंद पाकिटातली चित्रं ओळखून त्यांनी शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं चकवलं. रँडींनी पोरांना एक अट घातली होती. 'तुम्ही हातचलाखी करता का?' असं कुणी सरळ विचारलं, तर हो म्हणायचं आणि कुणी पाठवलं तेही सांगायचं. कुणी विचारलंच नाही. शास्त्रज्ञ हुशार होते, पण निसर्ग आपल्याला मुद्दाम फसवत नाही, त्यामुळं मुद्दाम फसवणाऱ्याची त्यांना सवय नव्हती. त्या कामाला जादूगारच लागतो. तुझ्या बाबांना 'हे जादूचं खूळ कशाला' वाटतं ना, त्यांना हा प्रसंग वाचून दाखव. आणि ती अट तू स्वतःसाठी घे. कुणीही, केव्हाही सरळ विचारलं, तर 'होय, ही हातचलाखी आहे' म्हणायचं. कशी केली ते सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

आता जे लिहिणार आहे ते दोनदा वाच.

आपला मराठवाडा भानामतीचा मुलूख म्हणून बदनाम आहे. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे आपोआप पेटतात, अंगावर फुल्या उमटतात, बाया घुमतात, कुत्र्यासारख्या भुंकतात. मग गाव कुणावर तरी बोट ठेवतं. ते बोट बहुतेकदा एकट्या बाईवर किंवा गावकुसाबाहेरच्या घरावर असतं, आणि तिथून मारहाण सुरू होते. यातलं पुष्कळसं तुला रसायनानं समजावता येईल. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येऊन काळा डाग उमटतो. पांढरा फॉस्फरस हवेत आपोआप पेट घेतो. पण रसायन सांगून हे प्रकरण मिटत नाही. दगड मारणारं, कपडा पेटवणारं माणूस पुष्कळदा त्याच घरात असतं. सासरी बोलता न येणारी सून, शाळा सुटलेली पोर, कुणीच ऐकून न घेतलेला मुलगा. ज्याला सांगायला तोंड नाही, तो असा बोलतो.

असं प्रकरण हाताळणारे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, म्हणजे अंनिसचे, कार्यकर्ते घरातल्या एकेकाशी एकांतात बोलतात, हळूहळू उलगडा होतो, भानामती थांबते. आणि करणाऱ्याचं नाव ते गावाला सांगत नाहीत. वर्तमानपत्राला नाही, शेजाऱ्याला नाही. सांगितलं तर त्या सुनेला त्या घरात उभं राहता येणार नाही. चमत्काराचं गुपित चव्हाट्यावर फोडणारी हीच माणसं हे एक गुपित मरेपर्यंत पोटात ठेवतात. बबडे, म्हणून भानामतीवर स्टेजवर विनोद करायचा नाही. पेटता कपडा दाखवून टाळी घ्यायची नाही. तुझ्यासमोर बसलेल्या बायांमध्ये अशी एखादी असू शकते, आणि तिला त्या हशात स्वतःचं नाव ऐकू येईल. कधी कुणी तुझ्याकडं असं काही घेऊन आलं, तर एकटीनं उडी मारू नको. लातूरला अंनिसचं जुनं, भक्कम काम आहे, तिथं जा. घुमणाऱ्या बाईला डॉक्टरही लागतो.

मंडळातली माणसं विचारतील, 'नवरात्रात देवीसमोर हे कशाला? देवाविरुद्ध आहे का?' नाही. मी दरवर्षी रेणुकामातेची ओटी भरते, यंदाही भरणार आहे. देवीनं कधी कुणाकडून विभूतीचे पैसे घेतले नाहीत. नरेंद्र दाभोलकर हे जन्मभर सांगत राहिले, की भांडण देवाशी नाही, देवाच्या नावानं लुबाडणाऱ्याशी आहे. साताऱ्याचा डॉक्टर, कबड्डीचा गाजलेला खेळाडू. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि अठरा वर्षं त्या जादूटोणाविरोधी कायद्यामागं चिवटपणे लागले. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेले असताना पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. चारच दिवसांनी त्या कायद्याचा अध्यादेश निघाला. खटल्याचा निकाल लागायला मे २०२४ उजाडला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. आई तुला एकटीनं कार्यक्रमाला जाऊ देत नाही, त्यामागं तिच्या मनात काय असतं ते तुला कळावं म्हणून लिहिलं. तिच्याशी त्यावरून भांडू नको, तिला पहिल्या रांगेत बसव.

प्रेमानंदांचं एक राहिलं. २००९ साली कॅन्सरनं अंथरूण धरलं, तेव्हा 'शेवटी देवाला शरण गेले' अशी आवई आपल्यामागं उठणार हे त्यांनी ओळखलं. मरणाच्या काही दिवस आधी त्यांनी लेखी जाहीर केलं, की मी विवेकवादीच आहे. ४ ऑक्टोबरला गेले. देह वैद्यकीय शिक्षणासाठी दिला. आपल्या गैरहजेरीत आपल्या नावावर काय खपवलं जाईल, हेही त्या जादूगारानं आधी ओळखून ठेवलं होतं. मला त्यांच्या सगळ्या प्रयोगांत हा सगळ्यात पक्का वाटतो.

आता कामाचं. अर्ध्या तासात मोजकेच प्रयोग कर. सुरुवात रुमाल-पत्त्यांनी, निखळ जादू, गुपित नाही. मग 'मी आता बुवा होते' असं मोठ्यानं सांगून गळ्यात माळ घाल, आणि लिंबातून रक्त काढ. सुरीच्या पात्यावर जास्वंदीची फुलं चोळून वाळव, लिंबाच्या आंबट रसानं तो रंग लाल होतो. माळ काढून दुसरं लिंबू समोरच्या एखाद्या काकूंना कापायला दे. मंत्रानं अग्नी शेवटी घे. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीनचे चार थेंब, आणि मंत्र लांबवत ने, कारण ते पेटायला काही सेकंद लागतात. मंत्र म्हणून तू पाढे म्हण, पोरं ओळखतील. जिभेवरचा जळता कापूर यंदा नको. फोटोच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीतून विभूती गाळण्याचा प्रयोगही नको. त्याला पाऱ्याचा क्षार लागतो, तो विष आहे.

परमँगनेट आणि ग्लिसरीन एका पिशवीत ठेवू नको. वाळूची बादली आणि ओलं पोतं स्टेजवर हवं, ओढणी कमरेला खोच, मंडपाचा पडदा दोन हात लांब असू दे. मी पंचमीला संध्याकाळच्या गाडीनं येते, येताना ग्लिसरीनची बाटली लातूरहून आणीन. पत्ते मात्र तुझे तू घे, माझ्याकडचे जुने झालेत.

तुझी,
मावशी