राजाची माती

प्रवासाला निघणारा माणूस पाहण्याच्या स्थळांची यादी खिशात घालूनच निघतो. रत्नागिरीला गेलो तेव्हा आम्हा उभयतांजवळही अशी यादी होती. रत्नदुर्गावरील भगवतीचे मंदिर, दीपगृह, लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, मांडवीचा धक्का, मिरकरवाड्याचे बंदर. एकेक नाव खोडीत दुसऱ्या दिवशी आम्ही थिबा राजवाड्याशी येऊन पोहोचलो.

थिबा हा ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले व पुढील वर्षी त्याला सहकुटुंब रत्नागिरीत आणून ठेवले. हा तिमजली वाडा १९१० मध्ये तयार झाला. तोवर हद्दपारीला पंचवीस वर्षे होत आली होती. आता तेथे वस्तुसंग्रहालय आहे. अर्धवर्तुळाकार खिडक्या व रंगीत काचा पाहून आम्ही हरखून गेलो. जवळच्या थिबा पॉईंटवरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसताच आमच्या सौ. म्हणाल्या, “इथे सारा जन्म काढावा!”

परतताना रिक्षावाल्याने सहज विचारले, “काका, राजवाडा बघितलात, राजा कुठे निजलाय, ते नाही बघायचं?”

ते नाव आमच्या यादीत नव्हते. तरी गेलो.

थिबा डिसेंबर १९१६ मध्ये वारला. त्याला मायदेशी नेऊन चिरनिद्रा द्यावी, ही कुटुंबाची इच्छा. सरकार राजी होईना. शवपेटी तशीच राहिली आणि १९१९ मध्ये अखेर येथेच मातीआड झाली. त्याच वर्षी राणी सुपयालत ब्रह्मदेशास परतली. राजा मागे राहिला. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर १८६२ मध्ये रंगूनच्या मातीत विसावला होता. तिकडचा राजा इकडे, इकडचा तिकडे! ज्या समुद्राकडे घटकाभर पाहून आम्ही सुखावलो, त्याच समुद्राच्या काठी थिबाने तीस वर्षे काढली. फरक एवढाच, की आमच्या खिशात परतीचे तिकीट होते.

सौ. काही बोलल्या नाहीत. दोघांच्याही मनात एकच नाव होते. आमचे वडीलबंधू आखातात नोकरीस होते. तेथेच अचानक गेले. कागदपत्रे जुळेनात, दिवस लांबत चालले. शेवटी तिकडेच दफन करण्यास आम्ही तारेने संमती दिली. “त्याला कधी आणणार?” असे आई अखेरपर्यंत विचारीत राहिली, आणि आम्ही मान खाली घालीत राहिलो. पुढे पैसा हाती आला, प्रवासही घडले. पण त्या थडग्याकडे आम्ही कधी फिरकलो नाही. पाहायला तेथे आहे तरी काय, अशी स्वतःची समजूत घालीत आलो.

समाधीपाशी कोणी वाहिलेली चार फुले सुकून पडली होती.

“कोण वाहतं?” सौ.नी विचारले.

“कोणी ना कोणी येतं, काकी. एवढी वर्षं झाली, आता आमच्या गावचाच झाला तो.”

रिक्षावाला सहज बोलून गेला, पण ते शब्द आम्हाला धीर देऊन गेले आणि लाजवूनही गेले. परक्या मातीत निजलेल्या राजाला गाव मिळाले. आमच्या भावापाशीही कोणी अनोळखी हात चार फुले ठेवीत असेल काय? ठेवीत असला तरी आमचे ऋण त्याने फिटत नाही.

रात्री गाडीत बसल्यावर सौ.नी खिशातली यादी मागून घेतली. खोडलेल्या नावांखाली त्यांनी एका आखाती शहराचे नाव लिहिले आणि कागद घडी घालून आमच्या हाती दिला. तेथे आम्हाला पर्यटक म्हणून जायचे नाही.