खुराड्यातली गादी

दोन वर्षांपूर्वीच्या आखाडात एका पहाटे खुराड्याचं दार उघडलं आणि कांदा चिरताना येतं तसं डोळ्यांतून पाणी आलं. घसा चुरचुरायला लागला. आत पंचवीस कोंबड्या रात्रभर त्या वासात बसून होत्या. वाकून खालचा भुसा उचलला, तर त्याचा पापुद्राच हाती आला. वरून कडक, खालून चिकट चिखल. पत्र्याच्या जोडातून पाणी आत ठिबकत होतं आणि मला चार दिवस त्याचा पत्ता नव्हता.

त्याच आठवड्यात पिलांना रक्ती हगवण लागली. चौदातली सहा गेली. सकाळी टोपलं उचलायचं आणि एक पिलू मान टाकून पडलेलं दिसायचं. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर औषध घेऊन आले, पण पिलांकडे बघायच्या आधी त्यांनी खालच्या भुशाच्या गादीत हात घातला. या रोगाचे जंतू विष्ठेतून पडतात, ओलीत वाढतात आणि पिलं तीच गादी चिवडून पुन्हा पोटात घेतात. "ताई, आधी गादी सांभाळा," म्हणाले, "मग पिलं सांभाळली जातील."

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात. घरामागे सांदवाडी आहे. तिथं मिरची, वांगी, भेदरं, वालाचा पोपट आणि सांबार. कोंबड्या आणल्या तेव्हा लाकडाचा भुसा दोन बोटं जाड पसरला आणि झालं असं समजले. डॉक्टरांनी निदान चार बोटं थर द्यायला सांगितला. पुढं भर घालत तो वीतभर होऊ द्यायचा. आठवड्यातून दोनदा दाताळ्यानं खालवर करायचा. ओल्या जागची गादी उचलून बाहेर काढायची, तिथं चुन्याची फक्की मारायची आणि मग कोरडी गादी घालायची.

आणि मुठीची परीक्षा. मूठभर गादी घट्ट दाबून हात उघडायचा. लाडू तसाच राहिला तर ओल जास्त. हळूहळू सुटला तर बरोबर. मुळीच धरला नाही आणि धूळ उडाली, तर कोंबड्यांच्या छातीला त्रास. वर्ध्याचा मे महिना 45 अंशांवर जातो तेव्हा मला गादीवर पाण्याचा हलका शिपका द्यावा लागतो, आणि त्याच गादीला आखाडात सुकवायची धडपड करावी लागते.

त्या वासामागचं कारण कळलं तेव्हा मी खरी हादरले. कोंबडी वेगळी लघवी करत नाही. विष्ठेवर जो पांढरा ठिपका असतो, तेच तिचं मूत्र, युरिक आम्ल. ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. म्हणजे डोळ्यांत पाणी आणणारा तो वास म्हणजे हवेत उडून जाणारं नत्र. ज्या नत्रासाठी आपण युरियाचं पोतं खांद्यावरून आणतो, तेच माझ्या खुराड्यातून पत्र्याबाहेर जात होतं. चांगली वाढलेली कोंबडी दिवसाला शंभरेक ग्रॅम विष्ठा टाकते. पंचवीस कोंबड्यांची अडीच किलो रोज. ती धरून ठेवायची तर कोरडा काडीकचराच लागतो.

तो आपल्याकडे ढिगानं आहे. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन थ्रेशरमधून निघतं आणि धुऱ्यावर कुटाराचे डोंगर उभे राहतात. तुरीचं कुटार बैलांसाठी राखून ठेवतात. सोयाबीनच्या कुटाराला, बैल कमी झाले तशी, आमच्याकडे काडी लागते. संध्याकाळी तो धूर दिसला की जीव तुटतो. आता मी दहा-बारा पोती भरून छपराखाली ठेवते. नुसतं कुटार दबून बसतं, म्हणून तीन टोपल्यांना एक टोपलं धानाचं तूस मिसळते. ते भंडारा-गोंदियाकडून येतं, ओल कमी शोषतं पण गादी मोकळी ठेवतं. दुपारी मूठभर ज्वारी त्यात फेकली की कोंबड्याच सगळं उकरून खालवर करतात.

खताची चूकही माझ्याच हातून झाली. पहिल्याच हिवाळ्यात खुराड्यातली ताजी विष्ठा मिरचीच्या बुडाशी टाकली. चौथ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी, आठवड्यात झाडं माना टाकून. शेजारच्या आजी कुडावरून बघत होत्या. "काहून टाकली वं ताजी? हे खत नाही माय, इस्तो हाय." विस्तवच तो. आधी कुजवायलाच हवा.

आपल्या जिल्ह्याला खताचा वारसा मोठा आहे. 1946 साली विनोबा पवनारहून सुरगावला पायी जाऊन मैला उचलत, आणि त्याच मैल्याच्या खताला मराठीत सोनखत म्हणतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेप काकांनी, विटांचा हौद बांधायला शिकवलं: 10 फूट लांब, 6 रुंद, 3 उंच, आणि हवा खेळायला भिंतींत झरोके. पंचवीस कोंबड्यांना एवढा हौद मोठा, पण झरोक्याचं तत्त्व मी घेतलं. तुराट्या बांधून तीन-तीन फुटांचा चौकोनी कूड केला. फटींतून हवा जाते. त्याहून लहान ढीग तापतच नाही, हे एकदा करून पाहिलं आहे.

त्यात खुराड्यातली गादी, वर कडुनिंबाचा पाला, पुन्हा गादी. कोंबडीच्या विष्ठेत नत्र फार, कुटारात कर्ब फार. नत्राच्या पंचवीस-तीसपट कर्ब असला की ढीग चांगला कुजतो. वास आला तर कुटार वाढवते, थंड राहिला तर विष्ठा. चुना ढिगात मुळीच घालत नाही, त्यानं अमोनिया लवकर उडतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी लोखंडी सळई आत खुपसते आणि दहा मिनिटांनी ओढते. ती मुठीत धरवत नसेल तर ढीग जागेवर आहे. पौषातल्या सकाळी ढीग उकरताना आतून वाफ निघते, काड्यांवर राखेसारखी पांढरी बुरशी दिसते, आणि वास बदललेला असतो: पहिल्या पावसात मातीला येतो तसा. आठ-दहा दिवसांनी एकदा उलथायचा, तोंडाला फडकं बांधून, कारण धूळ वाईट. तापणं थांबलं की दोन-तीन महिने नुसता झाकून ठेवायचा. तूस तेवढं शेवटपर्यंत ओळखू येतं, ते लवकर कुजत नाही. आमच्या चिकट काळ्या मातीला त्याचाही उपयोगच होतो.

यंदा मिरचीला झाडामागं दोन ओंजळी दिल्या. उन्हाळ्यात त्या वाफ्यात भेगा कमी पडल्या, पाणी एक दिवस जास्त टिकलं. मृगाच्या आधी खुराडं रिकामं केलं, पत्र्याचा जोड पुन्हा डांबरानं बुजवला, आणि बोटभर जुनी कोरडी गादी खाली तशीच ठेवून वर नवी पसरली. आजी कुडाशी आल्या, टोपलंभर खत मागितलं, ढेमसांच्या वेलासाठी. दुसऱ्या दिवशी त्यांचा नातू सायकलवरून कुटाराची दोन पोती टाकून गेला.