आवाज आधी घरी फुटू द्या

महाविद्यालयातली प्रथम वर्षाची मुलं वर्गात, मैदानावर, स्नेहसंमेलनाच्या मंचावर घडतात. मोबाइल त्यात अडथळाच आणतो, असं मी अनेक वर्षं ठामपणे मानलं आणि शिक्षकांच्या बैठकांत मांडलंही. आज माझं मत वेगळं आहे.

ते बदललं साक्री, पारोळा, एरंडोलकडच्या खेड्यांतून एसटीच्या पासवर येणाऱ्या मुलांमुळे. वक्तृत्व, गटचर्चा, मुलाखतीचा सराव आम्ही तास संपल्यावर ठेवायचो. तोवर ही मुलं स्टँडवर पोचलेली असत. आमचे व्यक्तिमत्त्व विकासाचे उपक्रम शहरात राहणाऱ्यांच्याच वाट्याला येत होते. शिवाय घरी अहिराणी किंवा तावडी बोली, वर्गात प्रमाण मराठी, पुस्तकात इंग्रजी. मनातलं वाक्य तपासून होईपर्यंत विषय पुढे सरकलेला असे.

मग मी दोन मिनिटांचं बोलणं घरी मोबाइलवर रेकॉर्ड करून फक्त मला पाठवायला सांगितलं. हव्या त्या बोलीत, हवं तितक्या वेळा पुसून. वर्गात गप्प असणाऱ्या मुली केळीच्या भावावर, विहिरीच्या पाण्यावर नेमकं बोलल्या. मी प्रत्येकीला उत्तर पाठवलं. पुढे त्यांतल्या कित्येक जणी सर्वांसमोर उभ्या राहिल्या.

आमच्या विद्यापीठाला 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांच्या कविता टिपून ठेवल्या, म्हणून 1952 साली, त्यांच्या निधनानंतर, त्या पुस्तकरूपाने लोकांसमोर आल्या. बोलणाऱ्याइतकाच टिपून घेणाराही मोलाचा असतो. मोबाइलकडे मी आता याच नजरेने पाहतो.

मोबाइलची गरज बोलण्यापुरतीच नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज आधीच ऑनलाइन होता; नव्या शैक्षणिक धोरणानंतर विषयांची निवड आणि क्रेडिटचं खातंही ऑनलाइन झालं आहे. मुलं पैसे देऊन सायबर कॅफेतून अर्ज भरून घेतात आणि पासवर्डही तिथेच राहतो. स्वतःचा अर्ज स्वतः भरता येणं हेसुद्धा पहिल्या सत्रातच शिकवायचं कौशल्य आहे.

मात्र नुसतं ॲप देऊन भागणार नाही. पाठवलेलं बोलणं ऐकणारा शिक्षक हवा, त्यासाठी वेळापत्रकात तास हवा. अनेक घरांत भावंडांमध्ये एकच फोन असतो. म्हणून महाविद्यालयात संगणक आणि इंटरनेट असलेली खोली बसच्या वेळेआधी खुली हवी. एवढं केलं, तर गावाचं अंतर कोणाच्या प्रगतीच्या आड येणार नाही, आणि हे आपल्या हातात आहे.