शाळा कोणाची?

भिलाईच्या पोलादनगरीत बहुतेक वस्त्यांना आकडे आहेत : सेक्टर १ पासून सेक्टर १० पर्यंत. रुआबांधा, रिसाली, मरोदा यांची मात्र नावे टिकली, कारण तेथे कारखान्याआधी गावे होती. छत्तीसगढीत बांधा म्हणजे बांध घालून राखलेले तळे. अशा गावांच्या शिवारात क्वार्टरांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि क्वार्टरांपाठोपाठ नगरीत शाळाही आल्या.

१९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीभोवती देशभरची माणसे जमली. त्यांत मराठी माणसेही होती. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. राज्याची सीमा बदलली तरी रेल्वेमार्ग तोच राहिला. एकाच रांगेत तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी आणि मराठी स्वयंपाकघरे शेजारीशेजारी नांदू लागली. बाजारात हिंदी, आसपासच्या गावांत छत्तीसगढी, घरात आपापली भाषा. मुलांनी कोणत्या भाषेत शिकावे, या प्रश्नाला कारखान्याने हिंदी आणि इंग्रजी अशी दोन उत्तरे दिली. इंग्रजी येथे साहेबाची भाषा म्हणून आली नाही. ती कोणाच्याच घरची नव्हती, म्हणून सर्वांना सारखीच परकी आणि सारखीच सोयीची ठरली.

या शाळांना सोयींसाठी झगडावे लागले नाही. इमारत, मैदान, प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिक्षकांचा पगार हे सारे कारखान्याच्या अंदाजपत्रकातून आले. त्या सुबत्तेने एक पिढी घडवली. ज्याचा बाप रात्रपाळीहून परतून दिवसा झोपे, त्या मुलाला काचेच्या परीक्षानळीत रंग पालटताना पाहायला मिळाला. हे श्रेय लहान नाही.

परंतु शाळा कशावर उभी राहते, हे पाहायचे तर पुण्याकडे वळावे लागते. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडून न्यू इंग्लिश स्कूल काढले. टिळक आणि नामजोशी बरोबर होते. पुढल्या वर्षी आगरकर आले. नावात इंग्रजी होती, हेतू स्वदेशी होता. स्वतःच्या वास्तूआधी तेथे माणसे होती. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय निघाले. त्याच संस्थेत गोपाळ कृष्ण गोखले यांनी महिना पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याचे बंधन पाळले आणि इमारतीसाठी वर्गणीही गोळा केली. तेथे प्रत्येक भिंत कोणाकडे तरी मागून उभी राहिली; आणि ज्याने चार आणे दिले, त्याला ती भिंत आपली वाटली.

भिलाईत कोणाला काही मागावे लागले नाही, म्हणून कोणाला काही द्यावेही लागले नाही. शिवाय क्वार्टर कारखान्याचे. निवृत्तीनंतर बहुतेकांना ते सोडावे लागे. माणूस नागपूरला किंवा भंडाऱ्याला परते, मुले पुण्या-बंगळूरला जात. ज्या घरात वाढले त्या घरात आता दुसरे कोणी राहते. ‘आमचे’ म्हणून दाखवायला उरते ती शाळाच. तीही आपली आहे असे म्हणण्याची सवय मात्र कधी लागली नव्हती. नव्वदीनंतर कामगारांची संख्या उतरत गेली, पटावरची मुले रोडावली आणि कारखान्याच्या कित्येक शाळा मिटल्या. त्यात अन्याय शोधू नये. पोलाद काढणाऱ्याने जन्मभर शाळा चालवावी, असा कुठे करार नव्हता.

२०२० साली छत्तीसगढ सरकारने जुन्या सरकारी शाळांचा कायापालट करून इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्या आणि त्यांना नागपुरात शिकलेल्या स्वामी आत्मानंदांचे नाव दिले. पुन्हा प्रयोगशाळा आल्या, पुन्हा ग्रंथालये आली. देणारा हात बदलला. घेणाऱ्यांचे नाते तसेच राहिले तर उद्या हाही हात आखडता होऊ शकेल.

तळे एकाने खणले तरी त्याचा गाळ गावाला काढावा लागतो. रुआबांध्याच्या नावातच हे शहाणपण आहे. परगावी स्थिरावलेल्या मुलांनी आणि मागे राहिलेल्या शेजाऱ्यांनी ग्रंथालयातल्या एका कपाटाची जबाबदारी घेतली, आणि त्या कपाटात मराठी, तेलुगू, छत्तीसगढी पुस्तकांना जागा केली, तरी शाळेला कारखान्याबाहेरचा पहिला मालक मिळेल.