चांद पाहून तंबू ठोका

मे महिन्याच्या उन्हात जळगाव-धुळ्याच्या घरांतली मुले हट्ट धरतात, समुद्र दाखवा. आता तर किनाऱ्यावर तंबूत रात्र काढायची हौसही वाढली आहे. आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. अमळनेर-नंदुरबारमार्गे रेल्वेने सुरतेला गेले की डुमस जवळच आहे, पुढे घोलवडला उतरून बोर्डी गाठता येते. कोकणात जायचे तर अलिबाग, काशीद, मुरूड आहेतच.

तापी-गिरणेकाठच्या माणसाला पूर कळतो, पण भरती त्याच्या ओळखीची नसते. नदी पावसात चढते. समुद्र मात्र निरभ्र आभाळाखालीही रोज साधारण दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. म्हणून जागा निवडण्याआधी तारीख निवडा.

त्यासाठी लागणारे कॅलेंडर आपल्या घरात आहेच. भरती चंद्राच्या चालीने चालते. चांदच्या 14 ते 16 तारखेला, तसेच महिना संपताना आणि नवा चांद दिसतो त्या दिवसांत मोठे उधाण असते. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर या दिवसांत पाणी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास सर्वांत वर येते. म्हणजे चांदण्या रात्रीच्या ओढीने गेलेले कुटुंब इशानंतर झोपी जाते आणि पाणी तेव्हाच तंबूकडे सरकत असते. चांदच्या 7-8 आणि 22-23 च्या आसपास भरती लहान असते. लेकराबाळांसह जायला हे दिवस बरे. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटे पुढे जाते. नेमकी वेळ गावातल्या कोळी बांधवांना विचारा. डुमसला विशेष जपा. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वांत मोठा आहे.

आता जागा. वाळूवर सुका शेवाळ, काटक्या, शिंपल्यांची रांग दिसते. मागच्या भरतीचे पाणी तिथवर आले होते. तंबू त्या रांगेच्या बराच वर, सुरूच्या झाडांकडे ठोका. नारळाखाली नको, खाडीच्या तोंडाशी तर मुळीच नको. हाकेच्या अंतरावर वस्ती, गोडे पाणी आणि बायकांसाठी बंदिस्त स्वच्छतागृह असावे. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर मुक्काम नकोच.

पाण्यात उतरताना लाट नव्हे, ओढ ओळखा. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता. ओहोटीत पाणी आत खेचते, तेव्हा मुलांना वाळूवरच खेळू द्या. एरवीही गुडघ्याच्या वर पाणी नको आणि मूल हाताच्या अंतरावर हवे. ओढीत सापडलाच तर किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर या, मग काठाकडे वळा.

विहिरीत किंवा धरणात पोहायला शिकलेल्या तरुणांना हे आधी सांगा. समुद्रात सर्वांत पुढे तेच जातात.