घरच्या तबकड्या व नवा लॅपटॉप

आमच्या श्रीगोंद्याच्या घरीं देवघरालगतच्या फडताळांत एक पत्र्याचा डबा आहे. पूर्वीं त्यांत दिवाळीच्या चकल्या असत. पुष्कळ वर्षें आतां त्यांत एकेचाळीस तबकड्या आहेत. १९९९ पासून २०१२ पर्यंत ह्या घरांत झालेलीं लग्नें, मुंजी, बारशीं आणि आमच्या सासूबाईंचें २००६ मधील सहस्रचंद्रदर्शन हें सर्व त्या डब्यांत सांठविलेलें आहे. तबकडी हा शब्द ग्रामोफोनच्या काळचा खरा. परंतु व्हीसीडी व डीव्हीडी ह्या दोहोंनाही तो चालतो, म्हणून येथें तोच वापरतें.

गेल्या उन्हाळ्यांत ह्या तबकड्या लावण्याचें घरांतील शेवटचें यंत्र बंद पडलें. सुटे भाग मिळत नाहींत असें दुरुस्ती करणारानें सांगितलें. तेव्हां तबकड्यांतील चित्रें उतरवून घेण्यासाठीं एक लॅपटॉप घ्यावा असें ठरलें व तिघां भावांनीं मिळून पैसे काढले. पैसे एकत्र निघाले, मतें मात्र एकत्र होईनात. धाकट्या भाऊजींचा मुलगा म्हणाला, "काकू, व्हिडिओचें काम म्हणजे ग्राफिक्स कार्ड पाहिजेच." तें कार्ड खेळांनाही उपयोगी पडतें हें त्यानें सांगितलें नाहीं, तें त्याच्या आईनें सांगितलें. थोरल्या भाऊजींस अगदीं पातळ व हलका लॅपटॉप हवा होता, कारण तो घेऊन त्यांना पुण्यास मुलीकडे जावयाचें असतें. निवडीचें काम शेवटीं माझ्याकडे आलें. तीस वर्षें शाळेंत गणित शिकविल्यामुळें मला हिशेब करितां येतो, असा घरांत समज आहे.

प्रोसेसरापुरता हिशेब खरोखरच सोपा निघाला. व्हीसीडीचें चित्र ३५२ बिंदू रुंद व २८८ बिंदू उंच. डीव्हीडीचें ७२० रुंद व ५७६ उंच. आजचा बऱ्यापैकीं मोबाइल 'फोर-के' म्हणून जें चित्र घेतो, त्यांत डीव्हीडीच्या बरोबर वीसपट बिंदू असतात. तें चित्र जें यंत्र हाताळतें, त्याला आमच्या मुंजी जड जाणार नाहींत, हें उघड आहे. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत चित्र आवळून लहान करण्याची स्वतंत्र सोय २०११ पासून येऊं लागली आहे. ती काम झपाट्यानें उरकते. परंतु ती सोडून प्रोसेसराच्या साध्या बळावर सावकाश केलेलें काम तेवढ्याच जागेंत अधिक नितळ उतरतें. वीस वर्षें थांबलेल्या कामाला आणखी दोन तास लागले तर काय बिघडलें? ग्राफिक्स कार्ड येथेंच बाद झालें, आणि पुतण्यानें दोन दिवस माझ्याशीं अबोला धरला.

खरी अडचण आहे ती तबकडी वाचण्यांत. बाजारांत मिळणाऱ्या चित्रपटांच्या तबकड्या कारखान्यांत ठशानें उठविलेल्या असत. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनी असली व्हीसीडी अवघ्या २८ रुपयांस विकूं लागली होती, हें पुष्कळांना आठवत असेल. घरच्या समारंभाची तबकडी मात्र फोटोवाल्यानें आपल्या संगणकावर लिहिलेली असते. तिच्यांत सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो व लेसरच्या किरणानें तो ठिकठिकाणीं भाजून खुणा केलेल्या असतात. हा रंग उन्हानें व उष्म्यानें हळूहळू बिघडतो. श्रीगोंद्याचा वैशाख ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना पत्र्याच्या डब्याविषयीं अधिक सांगावयास नको. पुण्यास जानेवारी २००३ मध्यें फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांत आग लागून नायट्रेटच्या फितींवरील जुने चित्रपट भस्म झाले. त्यांपैकीं ज्यांची नक्कल आधींच निराळ्या फितीवर झाली होती, तेवढेच आज पाहावयास मिळतात. आमच्या डब्यांत आग नव्हती, एवढाच काय तो फरक.

नव्या लॅपटॉपांत तबकडीची खोबण बहुधा नसतेच. तेव्हां वाचण्याचें यंत्र निराळें घेऊन तारेनें जोडावें लागतें. डीव्हीडीचा मूळ वेग सेकंदास सुमारें १.४ एमबी, हीं यंत्रें जास्तींत जास्त त्याच्या आठपट वेगानें वाचतात, म्हणजे ११ एमबी. जुन्या यूएसबीतूनही एवढें सहज जातें. परंतु तें यंत्र वीजही त्याच तारेंतून ओढतें, म्हणून लॅपटॉपची खोबण सशक्त हवी. आणि दुसरी एक खोबण बाहेरच्या डिस्कसाठीं मोकळी हवी. थोरल्या भाऊजींच्या पसंतीच्या पातळ लॅपटॉपास दोनच बारीक खोबणी होत्या व त्यांतली एक चार्जिंगांत गुंतलेली. शिवाय असलें पातळ यंत्र तासभर सतत राबविलें कीं तापतें, व तापलें कीं आपण होऊन मंद होतें. नगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, जाऊन आम्हीं जो घेतला तो जाडसर, मधल्या किंमतीचा, ८ जीबी मेमरीचा व ५१२ जीबी सांठवणीचा आहे. एकेचाळीसही तबकड्या काठोकाठ भरलेल्या धरल्या, प्रत्येकी ४.७ जीबीप्रमाणें, तरी १९३ जीबींत मावतात. उरलेल्या पैशांत दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या: एक येथें राहील, दुसरी पुण्यास.

कामाचा क्रम मीं असा ठेविला. प्रथम तबकडी जशीच्या तशी उतरून घ्यावयाची व ती नक्कल कधींही पुसावयाची नाहीं. मग हँडब्रेक नांवाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमनें तिच्यावरून मोबाइलवर चालणारी लहान प्रत काढावयाची. डीव्हीडीचें चित्र एकाआड एक ओळींनीं टिपलेलें असतें. त्या ओळी जुळविण्याची सूचना न दिली तर औक्षण करणाऱ्या बायकांच्या हातांना फणीसारखे दांते फुटतात. विकतच्या चित्रपटांना मीं हात लावला नाहीं. त्यांच्यावर कुलूप असतें, आणि हक्कभंगाच्या हेतूनें तें तोडणें २०१२ च्या दुरुस्तीनें कॉपीराइट कायद्यांत गुन्हा ठरलें आहे. तसेंही ते चित्रपट अन्यत्र मिळतील; सासूबाई मिळणार नाहींत.

कारण त्यांचा आवाज दुसरीकडे कोठेंच नाहीं. २००९ सालीं त्या गेल्या. सहस्रचंद्रदर्शनाच्या दुसऱ्या तबकडींत आरतीनंतर त्या पाटावर बसून आपल्या लग्नाची हकीकत सांगतात. आणि नेमकी तीच तबकडी वाचतां येईना. मऊ फडक्यानें मध्यापासून कडेकडे पुसून पाहिली. नवें यंत्र अर्ध्यावर अडलें. शेजाऱ्यांच्या अडगळींतील जुन्या संगणकाचें यंत्र पुष्कळ पुढें गेलें. शेवटीं डीडीरेस्क्यू ह्या प्रोग्रॅमानें, खराब जागा आधीं ओलांडून मग पुनःपुन्हा त्यांवर परत येत, अकरा तासांत ती उतरविली. घरांतलीं सारीं माणसें जेवणें आटोपून माजघरांत जमलीं. पुतण्याही आला.

पेडगांवाशीं भीमा नावेनें ओलांडतांना, त्या सांगतात, मामंजींनीं त्यांना विचारलें, "शाळा सोडलीस त्याचें वाईट वाटतें का?" त्यांनीं खरें उत्तर दिलें. त्यावर मामंजी जें बोलले, तेथें सुमारें चाळीस सेकंद पडदा हिरवा होतो व आवाज तुटतो. नंतर सासूबाई पदर डोळ्यांना लावून हंसतांना दिसतात.

मामंजी काय बोलले ह्याविषयीं घरांत तीन मतें आहेत. चित्रांत त्यांच्या अगदीं शेजारीं वन्सं बसलेल्या दिसतात. त्या पुढच्या महिन्यांत येणार आहेत. त्यांना विचारावयाचें आहे.