साडेबत्तीस डॉलरांची परंपरा

स्वस्तातली रेझोनेटर गिटार म्हणजे ब्लूजच्या नावावर खपवलेलं टिनपाट, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. मित्रांच्या बैठकीत म्हणालो, लेखांतून म्हणालो, विकत घ्यायला निघालेल्या तरुणांना तर हटकून म्हणालो. कुणी जुन्या घाटाची, धातूच्या अंगाची आणि खिशाला परवडणारी नवी मालिका बाजारात आणली, की माझा शेरा तयार असे: रूपाची नक्कल करता येते, नादाची नाही. हल्ली मी असं म्हणत नाही. मत का बदललं आणि कुठपर्यंत बदललं, ते सांगून टाकतो.

आधी माझा स्वार्थ. माझ्याकडे एक जुनी नॅशनल ड्युओलियन आहे. अमेरिकेत नोकरीला असताना घेतली, तेव्हाही ती स्वस्त नव्हती आणि आज तिच्यासारखीला हजारो डॉलर पडतात. नव्या गिटारी जोवर ‘खऱ्या’ ठरत नव्हत्या, तोवर माझी अधिकच खरी ठरत होती. मी नादाबद्दल बोलत होतो असं मला वाटे. निम्मं बोलणं मालकीबद्दल होतं.

ज्यांनी ही गिटार जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या गिटारीत तारांचं कंपन वरच्या लाकडी पाटाला मिळतं. रेझोनेटरमध्ये ते पातळ ॲल्युमिनियमच्या शंकूला मिळतं. माझ्या ड्युओलियनसारख्या गिटारीत शंकूच्या माथ्यावर लाकडाची छोटी चकती असते, तिला बिस्किटच म्हणतात. बिस्किटाच्या खाचेत घोडी, घोडीवर तारा. शंकू गिटारीच्या पोटातल्या एका गोल कडेवर नुसता टेकलेला असतो. डिंक नाही, खिळा नाही. तारांच्या दाबावर तो जागेवर राहतो. वर भोकाभोकांचं झाकण. आवाज मोठा आणि कडक, झटकन उठणारा आणि झटकन बसणारा. बोटात काचेची किंवा धातूची नळी, म्हणजे स्लाइड, घालून ती तारांवरून सरकवली, की मींडेला धार येते.

ही करामत हवी होती ती आवाज वाढवण्यासाठी. १९२० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम नावाचा रंगमंचावरचा हवाईयन गिटारवादक होता. बाकीच्या वाद्यांत आपली गिटार बुडून जाते, ही त्याची तक्रार. तंतुवाद्यं बनवणारा आणि दुरुस्त करणारा जॉन डोपियेरा हा मूळचा स्लोव्हाक कारागीर. बीचमच्या तक्रारीतून डोपियेराने १९२७ च्या सुमारास तीन शंकूंची, जर्मन सिल्व्हरच्या अंगाची गिटार घडवली. हीच ट्रायकोन. तिच्यापाठोपाठ नॅशनल कंपनी उभी राहिली. धातूची अंगं ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या कारखान्यात ठोकून, दाबून निघत. म्हणजे हे वाद्य पहिल्यापासून कारखान्यातलं. एकटा म्हातारा कारागीर खिडकीशी बसून गिटार घासतो आहे, हे चित्र माझ्या डोक्यात कुठून आलं कोण जाणे.

लवकरच बीचम आणि डोपियेरा यांचं बिनसलं. तीन शंकूंचा नाद डोपियेराला अधिक गोड वाटे आणि एकाच शंकूची गिटार त्याला कमअस्सल वाटे. बीचमला मात्र स्वस्त गिटार हवी होती आणि एक शंकू म्हणजे कमी खर्च. त्याने एका शंकूचं पेटंट पुढे रेटलं. १९२९ च्या सुरुवातीला डोपियेरा कंपनीबाहेर पडला. ही हकीकत वाचताना मी नेहमी डोपियेराच्या बाजूचा असे. एकीकडे कान, दुसरीकडे गल्ला. बाजू निवडायला वेळ कशाला लागतो? पण पुढचं पान मी भरभर उलटत असे. बाहेर पडलेल्या डोपियेराने भावांना घेऊन डोब्रो काढली. तिचं अंग लाकडी होतं, आत उलटा ठेवलेला एकच शंकू होता, त्यावर कोळ्याच्या पायांसारख्या फाट्यांची घोडी होती, आणि किंमत ट्रायकोनपेक्षा पुष्कळ कमी होती. परवडणारी गिटार काढण्याचा मोह त्यालाही आवरला नाही. पोट सगळ्यांनाच होतं.

मंदी आली आणि नॅशनलने यादीच्या तळाशी ड्युओलियन ठेवली: एक शंकू, दाबलेल्या पोलादी पत्र्याचं अंग, निकेलचा मुलामा नाही, कोरीव नक्षी नाही. वर स्फटिकासारखा खरखरीत दिसणारा रंग. त्या रंगाखाली पत्र्यावरच्या बारीकसारीक खुणा झाकल्या जात आणि घासूनपुसून चमकवण्याचा खर्च वाचे. आज संग्राहक याच रंगासाठी जीव टाकतात. किंमत होती साडेबत्तीस डॉलर. साध्यातली साधी ट्रायकोन तेव्हा सव्वाशे डॉलरांना होती.

मी ज्या गिटारीच्या जोरावर स्वस्त मालिकांना नावं ठेवत होतो, ती स्वतःच एक स्वस्त मालिका होती. ही माहिती मला नवी नव्हती. तिचा अर्थ मी लावला नव्हता, इतकंच.

अर्थ लागला तो हिशेब मांडल्यावर. १९३१ चे साडेबत्तीस डॉलर म्हणजे महागाई धरून आजचे साधारण साडेसहाशे ते सातशे डॉलर. ट्रायकोनचे सव्वाशे म्हणजे आजचे अडीच हजारांच्या आसपास. आता आजचा बाजार पाहा. चीनमधल्या कारखान्यांत बनणाऱ्या, रेकॉर्डिंग किंग किंवा ग्रेच अशा नावांच्या धातूच्या अंगाच्या रेझोनेटर पाचशे ते हजार डॉलरांच्या पट्ट्यात मिळतात. कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या नॅशनल रेझोफोनिकच्या उत्तम गिटारी त्याच्या काही पट वर आहेत. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीची उतरंड जवळपास तशीच उभी आहे. मला खालची पायरी तेवढी खोटी वाटत होती.

आणि साडेबत्तीस डॉलरसुद्धा कुणाला स्वस्त होते? त्या काळात अमेरिकेत कापसाचा भाव पौंडाला सहा सेंटांपर्यंत घसरला होता. एक गाठ साधारण पाचशे पौंडांची. मिसिसिपीतल्या वाटेकऱ्याला यादीतली सर्वांत स्वस्त पोलादी गिटार घ्यायला एका गाठीपेक्षा जास्त कापूस लागायचा; निम्मा वाटा जमीनमालकाचा धरला तर दोन गाठींच्या वर. विदर्भातल्या वाचकाला हे गणित वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणूनच मिसिसिपी डेल्टातले पुष्कळसे वादक याहूनही हलक्या लाकडी गिटारींवर वाजवत. चार्ली पॅटनकडे स्टेला होती. रॉबर्ट जॉन्सनच्या प्रसिद्ध छायाचित्रांत लाकडी गिटारच दिसते. सन हाउसची जी छबी आपल्या मनात आहे, पोलादी नॅशनल घेऊन डोळे मिटून गाणारा म्हातारा, ती १९६४ मध्ये रॉचेस्टर शहरात त्याचा पुन्हा शोध लागल्यानंतरची. १९३० मध्ये त्याने पॅरामाउंट या तबकड्यांच्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केलं तेव्हाची नव्हे. ज्यांना जमलं त्यांनी मात्र ड्युओलियन आवर्जून घेतली. उत्तर कॅरोलायनाचा ब्लाइंड बॉय फुलर तीच वाजवी. बुका व्हाइट आपल्या ड्युओलियनला ‘हार्ड रॉक’ म्हणे. सोन्याचा मुलामा दिलेली ट्रायकोन टॅम्पा रेडकडे होती, पण तो तबकड्या खपणारा तारा होता. बाकीच्यांना शनिवारच्या रात्रीच्या गलक्यात, वीज न पोचलेल्या गावात, पन्नास नाचणाऱ्यांच्या वर आवाज काढायचा होता. ब्लूजवाल्यांनी रेझोनेटर पवित्र म्हणून निवडली नाही. मोठ्याने वाजते म्हणून निवडली. गंमत म्हणजे याच बीचम-रिकनबॅकर जोडीने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला विजेवरची गिटार आणली आणि मोठ्या आवाजाची ही गरजच संपवत नेली. मग रेझोनेटरी गहाणवटीच्या दुकानांत जाऊन पडल्या. तिथून त्या उचलल्या ते नंतरच्या शौकिनांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी.

कागदावर मत डळमळलं तरी कान हटून बसले होते. त्यांना वळवलं ते पुण्यातल्या एका ओळखीच्या मुलाने. मेहबूब स्टुडिओतल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात स्लाइड ऐकून वेडावलेला तो मुलगा बाहेरून मागवलेली पितळी अंगाची स्वस्त गिटार घेऊन आला. ‘काका, तिसरी तार घोंघावते. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं का?’ मी जरा खुशीतच स्क्रू काढले. शंकू वाकडा बसलेला होता, कडेवर रंगाचा थेंब सुकून राहिला होता. मानेचा दांडा या गिटारीत अंगाच्या आरपार शेवटपर्यंत जातो; त्याच्या आधाराच्या लाकडी पाचरी ढिल्या होत्या. घोडीतली खाच अरुंद होती. कड घासली, पाचरी बसवल्या, खाच रुंदावली. घोंघावणं गेलं. पुढे त्याने हाताने लेथवर ओढलेला चांगला शंकू मागवला. माप तेच साडेनऊ इंच, जुन्या नॅशनलचंच. जुना काढला, नवा टेकवला, तारा चढवल्या.

माझ्या ड्युओलियनसारखी ती वाजली का? नाही. पितळ पोलादापेक्षा गोलसर बोलतं. पण ती वाजली, आणि ब्लूजला शोभेल अशी वाजली. मिरजेच्या तंबोऱ्यात भोपळा आणि लाकूड कितीही चांगलं असलं तरी जवारी लागेपर्यंत तो मुका असतो. इथे नेमकं तेच झालं होतं. माल वाईट नव्हता, शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. मी इतके दिवस एका कारागिरीच्या त्रुटीला आत्म्याची त्रुटी म्हणत होतो.

स्वतः कसलेल्या वादकांनी हे माझ्या आधी ओळखलं होतं. मायकेल मेसर हा इंग्लंडमधला स्लाइडवादक. जुन्या नॅशनलचा त्याचा अभ्यास माझ्याहून कितीतरी पट दांडगा, आणि त्यानेच स्वतःच्या नावाने परवडणाऱ्या, जुन्या घाटाच्या रेझोनेटर बाजारात आणल्या. याच मेसरने मुंबईचे मोहनवीणावादक मनीष पिंगळे यांच्यासोबत वाजवलं आणि २०१६ मध्ये त्यांचा ‘कॉल ऑफ द ब्लूज’ हा अल्बम आला. हवाईयन गिटार आपल्याकडे सिनेसंगीतात आणि पुढे ब्रिजभूषण काब्रा, विश्वमोहन भट्ट यांच्या हाती रागसंगीतात कशी रुळली, हे आपण जाणतोच. वाद्य कुणाच्या हाती पडावं याचे नियम मी ठरवायला निघालो होतो. वाद्याने ते कधीच पाळले नव्हते.

तरी मी पुरता पालटलेलो नाही. मुद्दाम चढवलेला गंज, कारखान्यातच पाडलेले ओरखडे, जाहिरातीत कुणा मेलेल्या गवयाचं नाव आणि डेल्टातल्या धुळीचं वर्णन, हे मला आजही खटकतं. ज्या माणसाला ती गिटार घेता घेता नाकीनऊ आले, त्याच्या गरिबीची नक्षी करून विकणं बरं नव्हे. ‘परवडणारी’ हा शब्दही जपून वापरावा. सहाशे डॉलर म्हणजे इथे पन्नास हजार रुपये, वर वाहतूक आणि आयात शुल्क. पुण्या-नाशकातल्या विद्यार्थ्याला ती आजही कापसाच्या गाठीच्याच भावात पडते. शिवाय गिटार उघडून बसवून देणारा जवळ नसेल, तर चांगली गिटारही टिनपाटासारखी वाजते आणि दोष वाजवणारा स्वतःला देतो.

म्हणून अशी मालिका काढायला निघालेल्या कुणालाही माझा आता विरोध नाही, अटी आहेत. घाट जुना ठेवा, रंग सपक असला तरी चालेल. पैसा शंकूवर, ज्या कडेवर तो टेकतो त्या कडेवर आणि मानेच्या कोनावर घाला. सुटे शंकू आणि बिस्किटं विकायला ठेवा. पेटीतून निघालेली प्रत्येक गिटार कुणीतरी एकदा नळी लावून वाजवून पाहिलेली असू द्या. १९३१ च्या यादीतल्या शेवटच्या ओळीने एवढंच केलं होतं: अनावश्यक ते काढून टाकलं आणि आवाज ठेवला. मला जर कुणी आज विचारलं, जुनीसाठी पैसे साठवू की नवी स्वस्तातली घेऊ, तर मी म्हणतो, नवी घे आणि उद्यापासून वाजव. माझी ड्युओलियन मी विकणार नाही. मात्र तिच्या जिवावर दुसऱ्याच्या गिटारीला खोटी म्हणण्याचा हक्क मी सोडून दिला आहे.